आयबी शाळेतील भाषा आणि साहित्य : नव्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी मार्गदर्शक

इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजेच आयबी, अभ्यासक्रमाच्या शाळेत प्रथमच प्रवेश घेणाऱ्या कुटुंबासमोर विषयनिवडीचा अर्ज येतो, तेव्हा भाषेच्या रकान्यांपाशी हमखास गोंधळ उडतो. एकाच भाषेचे नाव दोन-तीन ठिकाणी दिसते. कुठे ‘लँग्वेज अँड लिटरेचर’ लिहिलेले असते, कुठे ‘लँग्वेज अक्विझिशन’, कुठे ‘लँग्वेज ए’ आणि कुठे ‘लँग्वेज बी’. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या निवडीवर घरात आठवडाभर चर्चा होते आणि भाषेचा रकाना मात्र शेवटच्या पाच मिनिटांत भरला जातो. भाषेची निवड चुकली, तर तिचा परिणाम पुढची दोन वर्षे दर आठवड्याला जाणवतो, म्हणून या रकान्यांना पुरेसा वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हा लेख त्या अर्जापासून अंतिम परीक्षेपर्यंतची वाट क्रमाने समजावून देण्यासाठी आहे.

आपण कोणत्या टप्प्यावर आहोत, हे आधी पाहावे

आयबीची स्थापना १९६८ मध्ये जिनिव्हा येथे झाली. माध्यमिक वयोगटासाठी तिचे दोन मुख्य कार्यक्रम आहेत. ११ ते १६ या वयोगटासाठी मिडल इयर्स प्रोग्रॅम, म्हणजे एमवायपी, आणि शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी डिप्लोमा प्रोग्रॅम, म्हणजे डीपी. दोन्ही कार्यक्रमांत भाषेचे दोन वेगळे विषयगट आहेत आणि त्यांच्यातला फरक एकदा नीट समजला की बाकीची नावे आपोआप जागेवर बसतात. पहिल्या गटात अशी भाषा येते, जी विद्यार्थ्याला चांगली अवगत आहे आणि जिच्यातील साहित्य व लेखन तो अभ्यासणार आहे. दुसऱ्या गटात विद्यार्थी नव्याने शिकत असलेली किंवा अर्धवट येत असलेली भाषा येते. एमवायपीमध्ये पहिल्या गटाला लँग्वेज अँड लिटरेचर आणि दुसऱ्याला लँग्वेज अक्विझिशन म्हणतात. डीपीमध्ये पहिल्या गटातील अभ्यासक्रमांना लँग्वेज ए म्हणतात. दुसऱ्या गटात लँग्वेज बी आणि अगदी मुळाक्षरांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी अब इनिशिओ हे अभ्यासक्रम असतात.

एमवायपीमध्ये लँग्वेज अँड लिटरेचर या विषयाचे मूल्यमापन चार निकषांवर होते : विश्लेषण, मांडणी, लेखननिर्मिती आणि भाषेचा वापर. प्रत्येक निकषाला जास्तीत जास्त ८ गुण असतात. ३२ पैकी मिळालेल्या एकूण गुणांचे रूपांतर १ ते ७ या श्रेणीत होते. लँग्वेज अक्विझिशनचे निकष मात्र ऐकणे, वाचणे, बोलणे आणि लिहिणे या चार कौशल्यांचे असून विद्यार्थ्याला सहा टप्प्यांपैकी त्याच्या आजच्या तयारीला साजेशा टप्प्यावर बसवले जाते. इथे वयाचा किंवा इयत्तेचा संबंध नसतो. चौदा वर्षांचा मुलगा एखाद्या भाषेत पहिल्या टप्प्यावर असेल, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही आणि पालकांनी त्याला वरच्या टप्प्यावर ढकलण्यासाठी शाळेशी वादही घालू नये.

भाषा निवडणे : सर्वांत महत्त्वाचा निर्णय

डीपीच्या सहा विषयांपैकी एक लँग्वेज ए असावीच लागते, आणि ती कोणती असावी हा या संपूर्ण लेखातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. बहुतेक कुटुंबे शाळेच्या माध्यमाची भाषा डोळे झाकून लिहितात. अनेकदा तो निर्णय बरोबरच ठरतो, पण तो तपासून घ्यावा. विद्यार्थी ज्या भाषेत अभ्यास करतो त्या भाषेत तो स्वखुशीने पुस्तक वाचतो का, वाक्याच्या आडून सुचवलेला अर्थ त्याला जाणवतो का आणि एखाद्या शब्दाऐवजी दुसरा शब्द का वापरला असेल याविषयी त्याला मत असते का, हे प्रश्न तोंडी अस्खलितपणापेक्षा अधिक मोलाचे आहेत. वर्गात सफाईने बोलणारी मुले कवितेसमोर अडखळतात आणि घरच्या भाषेत भरपूर वाचलेली, वर्गात गप्प बसणारी मुले त्याच भाषेतील कठीण उताऱ्यावर दोन पाने सहज लिहितात.

ही तपासणी घरीच करता येते. विचाराधीन असलेल्या प्रत्येक भाषेतील एक न वाचलेली छोटी कविता आणि एक वृत्तपत्रीय लेख विद्यार्थ्यापुढे ठेवावा, शब्दकोश देऊ नये, आणि लेखकाने वाचकावर काय परिणाम साधला आहे व तो कसा साधला आहे, यावर त्याच भाषेत एक पान लिहायला सांगावे. लिहिलेले पान भाषेच्या शिक्षकांना दाखवावे. शुद्धलेखनाच्या चुका दोन वर्षांत सुधारतात. मजकुराला भिडण्याची सवय नसेल, तर ती लागायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे पान तपासताना शिक्षकांना नेमके हेच विचारावे की विद्यार्थ्याने मजकुराचा आशय पुन्हा सांगितला आहे की मजकुराविषयी काही म्हटले आहे.

घरची भाषा चांगली येत असेल आणि शाळेत ती शिकवली जात नसेल, तरी वाट बंद होत नाही. आयबीमध्ये शाळेच्या देखरेखीखाली स्वयंअध्ययनाने लँग्वेज ए घेण्याची सोय आहे. मात्र ती केवळ लिटरेचर या अभ्यासक्रमापुरती आणि स्टँडर्ड लेव्हलपुरती, म्हणजे स्टँडर्ड व हायर या दोन पातळ्यांपैकी कमी तासांच्या पातळीपुरती, आहे. अशा विद्यार्थ्याला साहित्यकृती स्वतः निवडाव्या लागतात, वेळापत्रक स्वतः पाळावे लागते आणि वर्गातल्या चर्चेचा आधार नसतो, म्हणून घरात किंवा ओळखीत त्या भाषेचे साहित्य जाणणारी एखादी व्यक्ती नियमित बोलायला मिळेल का, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वीच करावा. ज्यांना दोन भाषा सारख्याच ताकदीने येतात, त्यांना लँग्वेज बी न घेता दोन्ही भाषा लँग्वेज ए म्हणून घेता येतात, आणि दोन्हींत किमान ३ ही श्रेणी मिळून डिप्लोमा पूर्ण झाला, तर तो द्वैभाषिक डिप्लोमा ठरतो. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण घरची भाषा केवळ बोलण्यापुरती उरू नये यासाठी शालेय व्यवस्थेने दिलेली ही ठोस संधी आहे. परंतु दोन्हीकडच्या वाचनाचा भार खरा असतो, आणि वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलावर तो केवळ प्रमाणपत्रासाठी लादू नये.

याउलट होणारी एक चूक येथे सांगायला हवी. चांगली अवगत असलेली भाषा गुण सोपे मिळतील म्हणून लँग्वेज बी किंवा अब इनिशिओमध्ये घेण्याचा विचार काही घरांत होतो. शाळा विद्यार्थ्याची पूर्वतयारी पाहूनच त्याला वर्गात घेते. अब इनिशिओ तर ती भाषा यापूर्वी न शिकलेल्या किंवा अगदी थोडी शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. असा अर्ज बहुधा परत येतो, आणि तोवर दुसऱ्या वर्गातल्या जागा भरलेल्या असतात.

अभ्यासक्रम आणि पातळी

लँग्वेज एमध्ये दोन अभ्यासक्रम मुख्यत्वे घेतले जातात. ‘लिटरेचर’मध्ये केवळ साहित्यकृती असतात : स्टँडर्ड लेव्हलला ९ आणि हायर लेव्हलला १३. ‘लँग्वेज अँड लिटरेचर’मध्ये स्टँडर्डला ४ आणि हायरला ६ साहित्यकृती असतात आणि उरलेला, साधारण तेवढाच, वेळ जाहिराती, भाषणे, अग्रलेख, व्यंगचित्रे, प्रवासवर्णने, संकेतस्थळांवरील मजकूर अशा साहित्येतर लेखनाच्या अभ्यासाला दिला जातो. अध्यापनाचे तास दोन्हींत सारखेच : स्टँडर्डसाठी १५० आणि हायरसाठी २४०. दुसरा अभ्यासक्रम सोपा असतो, हा समज नव्या पालकांत पसरलेला असतो आणि तो चुकीचा आहे. व्यंगचित्राचे किंवा निवडणुकीतल्या भाषणाचे विश्लेषण करताना चित्राची मांडणी, प्रेक्षकवर्ग, प्रसंग आणि हेतू यांचे भान ठेवावे लागते, आणि ते कवितेच्या रसग्रहणापेक्षा कमी कष्टाचे नाही. ज्याला कथा-कवितेत रमायला आवडते त्याने लिटरेचर घ्यावे. ज्याचे लक्ष बातम्यांची भाषा, जाहिरात आणि जनमत यांच्याकडे ओढले जाते त्याने दुसरा घ्यावा. हायर लेव्हल घेण्याचे एकच चांगले कारण असते, ते म्हणजे विद्यार्थ्याला अधिक वाचायचे आहे.

वर्ग सुरू होण्याआधी साहित्यकृतींची यादी मागून घ्यावी

ही यादी शाळेतील शिक्षक ठरवतात, पण त्यांना काही बंधने पाळावी लागतात. लिटरेचरच्या स्टँडर्ड लेव्हलला किमान ४ कृती मूळ अभ्यासभाषेतल्या आणि किमान ३ अनुवादित असाव्या लागतात. हायरला हे आकडे ५ आणि ४ होतात. वाङ्मयप्रकार, कालखंड आणि देश यांतही विविधता ठेवावी लागते. अनुवादित कृतीविषयी कधी कधी नाराजी दिसते, की परक्या भाषेतले साहित्य कशाला. अनुवादातूनच विद्यार्थ्याला वेगळ्या समाजाची कथनपद्धती भेटते, आणि तुलना करण्यासाठी हाती काही येते. परीक्षेचा मोठा भाग तुलनेवरच उभा आहे.

यादी हाती आली की पहिले वाचन सुटीत, कोणतीही टीपा-पुस्तिका न उघडता करावे. या वाचनात पेन्सिलने फक्त दोन गोष्टींपाशी खूण करावी : जिथे कंटाळा आला आणि जिथे थबकायला झाले. पुढे वर्गात चर्चा सुरू होते तेव्हा या खुणा फार उपयोगी पडतात, कारण थबकलेल्या जागीच बहुधा लेखकाने काहीतरी वेगळे केलेले असते.

वही सांभाळावी

अभ्यासक्रमात ‘लर्नर पोर्टफोलिओ’ नावाचे संकलन प्रत्येक विद्यार्थ्याने ठेवायचे असते. त्याला स्वतंत्र गुण नाहीत, म्हणून ते दुर्लक्षिले जाते, आणि दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेचा विषय सुचेनासा झाला की त्याची आठवण होते. दर आठवड्याला एक पान पुरेसे आहे. त्यात काय शिकवले हे लिहून ठेवण्यापेक्षा कृतीतील एखादे अवतरण, त्याविषयी स्वतःचे मत आणि आधी वाचलेल्या दुसऱ्या कृतीशी त्याचा लागणारा धागा लिहावा. तारीख आणि पृष्ठ क्रमांक अवश्य टाकावा.

निरखून वाचणे : खरे काम इथे आहे

अंतिम परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असतात. त्यांपैकी पहिल्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्याला पूर्वी न पाहिलेले उतारे येतात. स्टँडर्ड लेव्हलला सव्वा तासात दोनपैकी एका उताऱ्याचे आणि हायरला सव्वादोन तासांत दोन्ही उताऱ्यांचे विश्लेषण लिहायचे असते. प्रत्येक उताऱ्याखाली दिशा देणारा एक प्रश्न असतो. लिटरेचरला उतारे साहित्याचे असतात, लँग्वेज अँड लिटरेचरला साहित्येतर लेखनाचे. दोन्ही पातळ्यांवर या प्रश्नपत्रिकेचे वजन ३५ टक्के आहे. नवख्या विद्यार्थ्यांचे सर्वाधिक गुण इथेच जातात, आणि त्याचे कारण जवळपास प्रत्येक वेळी एकच असते : ते उतारा पुन्हा सांगतात. पुढच्या तीन वाक्यांचा उतारा घेऊन हे पाहता येईल.

‘दार उघडेच होते. तिने पिशवी खाली ठेवली नाही. घड्याळ चालू होते, पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.’

नवखे उत्तर बहुधा असे येते : या उताऱ्यात एक स्त्री घरात उभी आहे, तिच्या हातात पिशवी आहे, घरात ताण आहे आणि लेखकाने प्रसंगाचे सुंदर वर्णन केले आहे. यात खोटे काही नाही, पण विश्लेषणही नाही. ‘सुंदर’ म्हणजे काय, ताण कशातून जाणवतो, हे उत्तर सांगत नाही. आता दुसरे उत्तर पाहावे : तिन्ही वाक्ये छोटी आणि सुटी आहेत आणि त्यांना कार्यकारणाने जोडणारा एकही शब्द नाही, त्यामुळे काय घडले आहे हे वाचकाला स्वतःच जुळवावे लागते, ‘ठेवली नाही’ या नकारार्थी क्रियापदामुळे न झालेली कृतीच महत्त्वाची ठरते आणि ती थांबणार की निघणार हा प्रश्न टांगता राहतो, शेवटच्या वाक्यात ‘कोणी’ हा शब्द येतो आणि तोवर एकटी वाटणारी ती स्त्री इतरांच्या सान्निध्यात आहे, हे उशिरा आणि आडून कळते. दुसऱ्या उत्तरात प्रत्येक विधानाला उताऱ्यातल्या शब्दाचा पुरावा आहे आणि प्रत्येक पुराव्यापुढे त्याचा वाचकावर होणारा परिणाम आहे. विधान, पुरावा आणि परिणाम ही तिन्ही एकत्र आली, तरच परिच्छेद पूर्ण झाला असे समजावे.

येथे अलंकारांची यादी करण्याच्या सवयीविषयी सांगितले पाहिजे. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास अशी नावे भराभर टाकली की उत्तर भारदस्त दिसते, अशी समजूत आहे. परीक्षक अलंकाराच्या नावाला गुण देत नाही. तो अलंकार त्या ठिकाणी का आला आणि नसता तर काय बिघडले असते, हे सांगितले तरच त्या नावाचा उपयोग होतो. आठवड्यातून एकदा पंधरा ओळींचा अनोळखी उतारा घेऊन त्यावर फक्त तीन परिच्छेद लिहिण्याचा सराव पहिल्या महिन्यापासून ठेवला, तर वर्षअखेरीस लेखनात स्पष्ट फरक दिसतो. संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्याची घाई पहिल्या वर्षी करू नये.

तोंडी परीक्षा

‘इंडिव्हिज्युअल ओरल’ ही तोंडी परीक्षा शाळेतच होते : विद्यार्थी १० मिनिटे बोलतो आणि नंतर ५ मिनिटे शिक्षक प्रश्न विचारतात. स्टँडर्डला तिचे वजन ३० टक्के आणि हायरला २० टक्के आहे. विद्यार्थ्याने स्वतः एक जागतिक प्रश्न निवडायचा आणि तो दोन कृतींच्या आशयातून व रचनेतून कसा मांडला गेला आहे, हे सांगायचे असते. लिटरेचरमध्ये यांपैकी एक कृती मूळ भाषेतली आणि एक अनुवादित असते. लँग्वेज अँड लिटरेचरमध्ये एक साहित्यकृती आणि एक साहित्येतर लेखन असते. प्रत्येकातून जास्तीत जास्त ४० ओळींचा उतारा निवडायचा, आणि परीक्षेला बसताना खुणा नसलेले उतारे व दहा मुद्द्यांपर्यंतची रूपरेषा एवढेच सोबत ठेवता येते.

या परीक्षेचे यश विषय किती नेमका घेतला यावर ठरते. ‘स्थलांतर’ हा विषय दहा मिनिटांत मावत नाही. ‘स्थलांतरित कुटुंबातील मुले’ हा थोडा आटोपशीर होतो, पण त्यातही केवळ माहिती सांगण्याचा मोह होतो. ‘आईवडिलांची भाषा मुलांना येईनाशी झाल्यावर घरातील अधिकाराचे नाते कसे बदलते’ एवढा तो नेमका केला, की कोणता उतारा घ्यावा हे चटकन कळते : जिथे संवाद तुटतात, जिथे मूल दुभाषाचे काम करते, जिथे वडील वाक्य अर्धवट सोडतात. रूपरेषेत पूर्ण वाक्ये लिहू नयेत. वाचून दाखवलेले भाषण ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येते आणि नंतरच्या प्रश्नांत विद्यार्थी उघडा पडतो.

हायर लेव्हलचा निबंध

हायर लेव्हलच्या विद्यार्थ्यांना १२०० ते १५०० शब्दांचा निबंध लिहायचा असतो आणि त्याचे वजन २० टक्के असते. विषय विद्यार्थी स्वतः ठरवतो. शिक्षक एका कच्च्या मसुद्यावर अभिप्राय देतात आणि त्यानंतरचे काम विद्यार्थ्याचे असते, म्हणून पहिला मसुदा अर्धवट देऊन अभिप्रायाची संधी वाया घालवू नये. संदर्भ काटेकोर द्यावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे आयबी गैरप्रकार मानते, आणि अशा निबंधात विद्यार्थ्याला स्वतःच्या वाक्यांविषयी प्रश्न विचारले की उत्तर देता येत नाही, हे शिक्षकांना पुरते ठाऊक असते.

कोणती कृती कुठे वापरायची

एक नियम नव्या विद्यार्थ्यांना फार उशिरा कळतो : एक साहित्यकृती मूल्यमापनाच्या एकाच घटकात वापरता येते. तोंडी परीक्षेत घेतलेली कादंबरी निबंधात किंवा दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत पुन्हा घेता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या शेवटी एका कागदावर सर्व कृतींची नावे लिहून प्रत्येकीसमोर तिचा संभाव्य उपयोग लिहावा आणि तो कागद शिक्षकांना दाखवावा. लँग्वेज अँड लिटरेचरच्या स्टँडर्ड लेव्हलला मुळात चारच कृती असल्याने तिथे एक कृती तोंडी परीक्षेत गेली की तीनच उरतात, हे विशेष लक्षात घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नपत्रिकेसाठी किमान तीन कृती राखून ठेवाव्यात. ही प्रश्नपत्रिका पावणेदोन तासांची असते, चार सर्वसाधारण प्रश्नांपैकी एक निवडून दोन कृतींची तुलना करायची असते आणि पुस्तक जवळ ठेवता येत नाही. तिचे वजन स्टँडर्डला ३५ आणि हायरला २५ टक्के आहे. दोनच कृती तयार केल्या आणि त्या एकाही प्रश्नाला नीट लागू पडल्या नाहीत, तर वेळ निघून जातो. तिसरी हाताशी असली की जोडी बदलता येते. राखलेल्या कृती रचनेच्या दृष्टीने एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात, उदाहरणार्थ एक नाटक, एक प्रथमपुरुषी निवेदनाची कादंबरी आणि एक कवितासंग्रह, म्हणजे तुलनेला केवळ कथानकापलीकडचे मुद्दे मिळतात. लांबलचक अवतरणे पाठ करण्याची गरज नसते. प्रत्येक कृतीतील दहा-बारा छोटी वाक्ये किंवा वाक्यांश, ते कोण कोणत्या प्रसंगी बोलते यासह, लक्षात ठेवावेत आणि शेवटच्या दोन महिन्यांत जुन्या प्रश्नांवर फक्त रूपरेषा लिहिण्याचा सराव करावा : दहा मिनिटांत तुलनेचे तीन मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याला दोन्ही कृतींतून एकेक पुरावा.